टाकलेलं नाव

“या, या ताई. बसा की. उन्हातनं आलासा,” असं म्हणत भुपाल मगदूम खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी पोटच्या पोरीला हात जोडून नमस्कार केला.

त्रिशला दारातच थिजली. शिव्या खायच्या तयारीनं आली होती बिचारी. पुण्यापासून जयसिंगपूरपर्यंत तिनं मनातल्या मनात सगळी भांडणं भांडून घेतली होती. आप्पा तोंड फिरवतील, काठी आपटतील, ‘हिला कुणी आत घेतलं’ म्हणून ओरडतील, या सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. नमस्काराला मात्र नव्हतं.

“आप्पा, मी अभिनंदन,” तिचा धाकटा भाऊ लगबगीनं पुढे झाला. “ह्या पुण्याहून आल्यात. तुमचं यंत्र बघायला.” आणि त्यानं बहिणीकडे असं काही बघितलं, की तिच्या ओठांवर आलेला शब्द तिथंच राहिला.

या घरात आता प्रत्येकजण खोलीत येताना आपलं नाव सांगून आत येई. अर्धांगाच्या झटक्यानं आप्पांची चेहऱ्यावरून माणूस ओळखायची वाटच तुटली होती. बायको चाळीस वर्षांची जुनी, तीही चहा घेऊन आली की म्हणे, “मी कुसुम हो.” मग आप्पा हसत आणि कप घेत.

झटका आला होता हे त्रिशलाला कुणी कळवलं नव्हतं. डोक्यात यंत्र बसवलं हेही नाही. तिच्या कंपनीच्या तक्रार विभागात एक निरोप आला, ‘रुग्ण बोलता बोलता मध्येच थांबतो’, आणि त्याखाली बापाचं नाव दिसलं, तेव्हा तिला कळलं. माणसानं माणसाला किती परकं करावं, त्याला काही सुमार?

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. मेंदूत एका माणसाची आठवण एका जागी नसते. आवाज एकीकडे, चेहरा दुसरीकडे, त्याच्यावरचा राग तिसरीकडे. नाव कानावर पडलं की हे सगळं गोळा करून आणणारी एक यादी मेंदूत असते. आप्पांच्या आठवणी शाबूत होत्या, ती यादीच जळाली होती. म्हणून त्यांच्या कानामागे हाडात नखाएवढी एक चकती बसवली होती. कंपनीत तिला ‘सांधा’ म्हणत. कुणी नाव घेतलं की सांधा त्या नावाला बांधलेले धागे ओढायचा आणि माणूस उभा राहायचा.

हा सांधा त्रिशलानंच घडवला होता. त्यातली खुबी अशी, की त्याला ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. तुमच्याआमच्या फोनमध्ये ती असते, लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखी. कुणाला कुठली खोली, कुणाची पंगत आधी, पाणी संपलं तर कुठून आणायचं, सगळं तिच्या हातात. पण कारभारी स्वतःही खातो. वीज खातो, तापतो, आणि मेंदूला अर्ध्या अंशाची जास्तीची ऊबही सोसत नाही. शिवाय कारभाऱ्याला त्याच्या मालकाकडून दर महिन्याला नवे हुकूम येतात. आपल्या डोक्यात दुसऱ्याचे हुकूम कुणाला हवेत? त्रिशलानं कारभाऱ्याला घराबाहेर काढलं आणि पायथन या भाषेचा दुभाष्या थेट उघड्या चिपवर बसवला. पायथन अशासाठी, की तिची वाक्यं जवळजवळ बोलण्यासारखी असतात. नियम काय लिहिलेत ते डॉक्टरांना स्वतः वाचता यावं, असा तिचा हट्ट होता. बरोबरचे इंजिनिअर हसले. म्हणाले, “पायथन म्हणजे लाडावलेलं लेकरू, कारभाऱ्याशिवाय त्याला पाण्याचा पेलासुद्धा मिळायचा नाही.” त्रिशला म्हणाली, “मध्ये कुणी नको म्हणजे नको.” बापाचीच जिद्द ती.

कारभारी नाही म्हटल्यावर स्वयंपाकही दुभाष्याचा आणि भांडीही त्याचीच. जागा थोडी, म्हणून ती झाडून मोकळी करायचं कामही त्याच्याच गळ्यात. त्याचा नियम साधा होता. जे नाव कानावर पडत राहतं किंवा माणूस स्वतः घेत राहतो, त्याची गाठ पक्की. जे फार दिवस पडलं नाही, त्याची गाठ कच्ची. जागा भरत आली की दुभाष्या हातातलं सगळं काम थांबवून लागतील तेवढ्या कच्च्या गाठी, थोड्या धाग्यांच्या आधी, झाडून टाकतो, आणि मोकळ्या जागेवर लगेच नवं बांधतो. झाडलेलं कुठं जपून ठेवायला मागं कुणी नसतंच, आणि एकदा सुटलेले जुने धागे पुन्हा त्या नावाला सापडत नाहीत. पहिल्या प्रात्यक्षिकाला एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “पण ज्याचं नाव घ्यायला कुणीच नाही, त्याचं काय?” त्रिशला तोऱ्यात म्हणाली होती, “ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते कुणाला हवं असतं?” सगळे हसले होते.

तिनं आप्पांच्या डोक्याला पट्टा लावला आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावर तीन बाण उमटले. म्हणजे दुभाष्या ‘काय विचारायचं ते विचार’ म्हणत होता. बापाच्या कानामागे बसून तो लेकीच्या प्रश्नाची वाट बघत होता.

“दुखणार न्हाई न्हवं?” आप्पांनी विचारलं.

“नाही. मी फक्त बघते. आत हात घालायची सोय मीच ठेवली नाही.”

आणि हे खरं होतं. बाहेरून कुणी माणसाच्या डोक्यात काही घुसडू नये म्हणून लिहायची वाट तिनं कायमची बुजवून टाकली होती. बघता येई, बदलता येत नसे.

जागा जवळजवळ भरली होती. म्हणूनच झाडलोट वारंवार होत होती, आणि प्रत्येक वेळी आप्पा घास हातात धरून, डोळे उघडे ठेवून थांबत होते. नवी चकती बसवली की ते भागलं असतं. रोज तीच चार माणसं, तीच खुर्ची, तेच अंगण. या हिशेबानं उद्यापर्यंत तरी बारक्या गाठींवरच भागणार होतं, मोठ्या गाठीला भीती नव्हती. मग तिनं आपलं नाव टाइप केलं.

नाव होतं. एकाच कच्च्या गाठीवर लटकत होतं. ऑपरेशननंतर गुंगीत असताना आप्पांनी स्वतःच्या तोंडानं एकदा ते घेतलं होतं. त्यानंतर कुणीच नाही. आणि त्या एका गाठीखाली केवढं होतं! पाळणा, गोवर, सायकलवरून पडणं, कोल्हापूरचं कॉलेज. आणि सगळ्यात खाली आप्पांच्या वर्कशॉपमधल्या हणमंताचा हात.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

“आई, माझं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाही? डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, सगळ्यांची नावं रोज घ्या म्हणून?”

कुसुमबाईंनी पदर तोंडाला लावला. “सगळ्यांची घेतली गं बाई. मेलेल्यांचीबी घेतली. तुझं तेवढं... ह्यांनीच न्हवं का तुझं नाव टाकलेलं.”

‘नाव टाकलं’ म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. माणूस जिवंत असतं, पण त्या घरापुरतं संपतं. मगदुमांच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसची, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी काढून ठेवली होती, ऑर्डर तातडीची होती म्हणून, आणि कामगार हणमंताचा उजवा पंजा त्या प्रेसखाली गेला. इन्स्पेक्टरसमोर आप्पा म्हणाले, जाळी होती, हणमंताच गाफील होता. सुट्टीला घरी आलेल्या त्रिशलाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, जाळी महिनाभर नव्हती. वर्कशॉपला टाळं लागलं. त्या संध्याकाळी आप्पा ओसरीवर उभे राहून म्हणाले, “ही पोरगी आजपासनं मला मेली. हिचं नाव ह्या घरात कुणी काढायचं न्हाई.” आणि कुणी काढलं नाही. कुसुमबाई चोरून फोन करायच्या तो बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, आवारातून, आणि घरात बोलायची वेळ आलीच तर म्हणायच्या ‘पुण्याची’. हुकूम देणारा माणूस हुकूम विसरला, तरी घर तो पाळतच राहिलं. असली आज्ञाधारक माणसं जगात दुसरीकडे सापडायची नाहीत.

“आत्ता जाऊन सांगते,” त्रिशला म्हणाली. “नाव कानावर पडलं की गाठ पक्की होईल. तेवढंच लागतं.”

“आणि हणमंता?” अभिनंदन दारात उभा होता. “तुझ्या नावामागनं तोबी येणार न्हवं? आप्पांना वाटतंय वय झालं म्हणून वर्कशॉप बंद केलं. निवांत हाईत. रात्री झोपत्यात. दुसरा झटका सोसायचा न्हाई म्हणून डॉक्टर सांगून गेल्यात. तू आलीस, खरं बोललीस, गेलीस. मागं राहिलो आम्ही. त्यांचं सगळं आम्ही काढलं, अक्का.”

तो चुकीचं बोलत नव्हता, हाच तर त्रास होता.

शेवटी कुसुमबाईंनीच डोळे पुसले. “मी सांगते. माझ्या तोंडानं. बी.पी.ची गोळी देते, सांजच्याला जेवायला बसायच्या आत हळूच सांगते. तुझं नाव पैल्यांदा मीच घेणार. माझी लेक हाय ती. तवर जरा दम काढ.”

त्रिशलानं दम काढला. उद्यापर्यंत भीती नाही, हा हिशेब डोक्यात होता. आणि खरं सांगायचं तर, तिला स्वतःलाही घाई करवत नव्हती. नाव सांगितलं की हे हसरे आप्पा जाणार आणि ते ओसरीवरचे आप्पा परत येणार.

दुपारचं जेवण झालं आणि आप्पांनीच विषय काढला. “ताई, मळी बघितल्या का आमची? कृष्णेच्या काठाला, गाळाच्या रानात वांगी लावल्यात. चला, दावतो. पुण्यात असलं वांगं मिळायचं न्हाई.”

“आप्पा, कशाला त्रास...”

“त्रास कसला? पावण्याला मळीचं वांगं न देता लावून द्यायचं, असली रीत न्हाई आमच्यात.”

रिक्षात ते तिच्याशेजारी बसले आणि अखंड बोलत राहिले. उदगावच्या बाजूला पुराचं पाणी कुठंवर येतं, तंबाखूचे व्यापारी कसे बुडाले, कुठल्या वळणावर त्यांनी पहिली मोटारसायकल पाडली. तिच्याशी एवढं ते कधीच बोलले नव्हते. लहानपणी तर वर्कशॉपमधून यायचे ते हात धुऊन, जेवून झोपायचे. त्रिशला प्रश्न विचारत राहिली. एखाद्या वेळी उगाचच विचारला, ते थांबू नयेत म्हणून. “पुण्याला एकटीच ऱ्हातासा? जेवणाचं बघता का न्हाई? लई वाळलाईसा,” असं ते म्हणाले, तेव्हा तिला बाहेर बघावं लागलं.

रेल्वे फाटकाशी रिक्षा थांबली. पलीकडून एक माणूस डाव्या हातानं सायकल ढकलत आला. उजवी बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली होती.

आप्पांनी हात हलवला. “रामराम! हा रोज आमच्या दारावरनं जातो, बाहीवरनं वळखतो मी. बघा की बिचाऱ्याचं. हात कशात गेला कुणास ठाऊक.”

हणमंतानं आप्पांना रामराम केला, मग आत बसलेल्या त्रिशलाकडे पाहिलं. त्यानं तिला ओळखलं. फाटक उघडलं आणि तो सायकल ढकलत निघून गेला. त्रिशलाच्या जिभेवर तेव्हा स्वतःचं नाव आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. हे चांगलं नाही, आप्पा असे मोकळे सुटता कामा नयेत, हे तिला कळत होतं. पण आप्पांनी तिच्या हाताला हात लावला आणि म्हणाले, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई. लई हळव्या दिसतासा.” आणि तिनं नाव गिळलं. संध्याकाळी आई सांगणारच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस मायेला किती भुकेलेलं असतं, ते वाढणाऱ्याला कळत नाही.

मळीत ऊन कलतं झालं होतं. आप्पा काठी टेकत सरीतून पुढे, ती पाटी घेऊन मागे. ते वाकून वांगं हातात घेत, देठ बघत, मग तिला देत.

“देठाला काटा पायजे. काटा न्हाई त्याला चव न्हाई. आणि तोडताना पिळायचं न्हाई, असं, नखानं...”

हात तसाच राहिला. डोळे उघडे, ओठ अर्धवट, वांगं देठाशी धरलेलं. झाडलोट सुरू झाली होती. त्रिशला वाट बघू लागली. यापूर्वीची थांबणी तिनं पडद्यावर पाहिली होती, श्वास-दोन श्वासांची. ही संपेना. एक बगळा समोरून उडून पलीकडच्या सरीत जाऊन बसला तरी संपेना.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. हिशेब रोजच्या दिवसाचा होता. चार माणसं, एक खुर्ची, एक अंगण. आज मात्र एक नवी बाई आली होती. तिचा आवाज, तिचे प्रश्न, रिक्षा, फाटक, तिच्या हातातली पाटी, प्रत्येकाला गाठ हवी होती, गाठीला जागा हवी होती. सांध्यातली बारीकसारीक गोष्ट तिला पाठ होती. मोजायची राहिली ती एकटी स्वतः. पाहुणी म्हणून बापाची माया तिनं दुपारभर ओंजळीनं प्याली, आणि त्या पाहुणीला बसायला जागा हवी म्हणून आत लेकीला उठवत होते.

“आप्पा!” ती ओरडली. “आप्पा, मी त्रिशला! त्रिशला! ऐकताय ना?”

झाडताना दुभाष्या काहीच ऐकत नाही. ऐकून ठेवायला दुसरं कुणी नाही. तिनंच नको म्हटलं होतं.

“...नखानं खुडायचं,” आप्पा म्हणाले, आणि वांगं खुडून त्यांनी पाटीत टाकलं. मग तिच्याकडे पाहिलं. “काय झालं ताई? रडायला काय झालं?”

“माझं नाव त्रिशला,” ती म्हणाली.

“त्रिशला,” त्यांनी नाव जिभेवर घोळवलं. “ग्वाड नाव. महावीरांच्या आईचं. आम्हाला लेक झाली असती न्हवं, तर मीबी हेच ठेवलं असतं.”

परतीच्या वाटेवर आप्पाच बोलत होते. ती हूं हूं करत होती.

घरी कुसुमबाई तयार होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या, जसं काही बारसंच आहे. गोळी आणि पाण्याचा तांब्या ताटाशेजारी मांडून ठेवला होता. त्रिशलानं दारातूनच मान हलवली, नको म्हणून खुणावलं, पण इतक्या वर्षांनी हिंमत बांधलेल्या बाईला खुणा दिसत नाहीत.

“मी कुसुम हो. तुम्हाला एक सांगायचं हाय,” त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या दंडाला धरून त्यांनी त्यांना लेकीसमोर उभं केलं. “ही आपली त्रिशला. त्रिशला आली बघा. त्रिशला!” एकदा तोंड उघडल्यावर नाव थांबेना. या घरात ते कुणी इतक्या मोठ्यानं कधी घेतलंच नसेल.

“व्हय, मघाशी सांगितलं त्यांनी,” आप्पा हसून म्हणाले. “आपलीच म्हणायची. लेकीगत हाईत अगदी.”

“लेकीगत न्हवं हो! लेकच हाय! पोटची!”

आप्पांचं हसू मावळलं. त्यांनी कुसुमबाईंकडे पाहिलं, अभिनंदनकडे पाहिलं. अभिनंदननं मान हलवली. मग ते त्रिशलाकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या घालून, जीव तोडून ते शोधत होते. खोटं नाही, खरोखर शोधत होते. आत काही उरलं नाही हे माहीत असूनही त्रिशला वाट बघत होती, कारण शेवटी लेक होती. ओसरीवरचा तो राग जरी आला असता, हाकलून दिलं असतं, तरी तिनं त्यांचे पाय धरले असते.

“असंल,” आप्पा हळूच म्हणाले. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून माणूस म्हणतो तसं. “तुम्ही समदी म्हणतायसा म्हणजे असंल.”

कुसुमबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

आप्पांना मात्र राहवेना. काहीतरी आपल्या हातून घडलंय आणि आपल्याला ठाऊक नाही, एवढं त्यांना उमगलं होतं. त्यांनी काठी सावरली, एक पाऊल पुढे आले आणि पहिल्यांदा तिला अगं-तुगं केलं.

“पोरी, एक इचारू? लेक म्हणतीस, आणि मला ठाव न्हाईस. मी तुला कधी टाकून-बिकून बोललो न्हवतो न्हवं? कुणाचं काही वाईट केलं न्हवतं न्हवं मी?”

अभिनंदननं मान खाली घातली. जाळी नव्हती हे एक वाक्य बदलायला नकार दिला म्हणून जिचं नाव टाकलं, ती त्रिशला बापासमोर उभी होती, आणि आता ती जे सांगेल तेच त्यांच्यासाठी झालेलं असणार होतं. हणमंताचा हातही आता तिच्या एका शब्दावर होता.

“नाही आप्पा,” ती म्हणाली. “कधीच नाही. कुणाचंच नाही.”

आप्पांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांचा चेहरा निवळला, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मग झालं तर.”